अमेरिकेच्या एकीची सोपी गोष्ट

सध्या एक संदेश सगळीकडे फिरतो आहे. त्याचा आशय असा: पूर्वी अमेरिकेत गेलेल्यांनी आपली भाषा बंदरावरच सोडली, तिथली राजभाषा इंग्रजी खुशीने स्वीकारली, ज्याने मिसळून जायचे ठरवले त्याला देशाने आपले म्हटले आणि म्हणूनच तो एकसंध राहिला, ही वीण हल्लीच्या बहुविधतेच्या कौतुकाने उसवते आहे.

राजभाषेचा मुद्दा चटकन निकालात निघतो. सबंध देशासाठी इंग्रजीला अधिकृत भाषा ठरवणारा आदेश मार्च २०२५ मध्ये निघाला. त्याआधीची सुमारे अडीचशे वर्षे देश अशा आदेशावाचून चालला.

भाषा बंदरावर सोडल्याची गोष्ट मात्र मुळातच खरी नाही. अमेरिकेच्या संस्थापकांपैकी एक, बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७५१ मध्येच तक्रार केली होती, की पेनसिल्व्हेनियातले जर्मन लवकरच आपल्यालाच जर्मन करून टाकतील. १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा फिलाडेल्फियात काही दिवसांतच जर्मनमध्येही छापला गेला, आणि १८३९ च्या कायद्याने ओहायोच्या सरकारी शाळांत जर्मनला वाट मिळाली. या भाषेवर खरा घाव बसला तो पहिल्या महायुद्धात. १९१८ मध्ये आयोवाच्या गव्हर्नरांनी शाळेत, चर्चमध्ये, चारचौघांत आणि टेलिफोनवरसुद्धा परकी भाषा बोलण्यास मनाई केली. नेब्रास्कात १९१९ पासून आठवी उत्तीर्ण न झालेल्या मुलाला परकी भाषा शिकवणे गुन्हा ठरले. तिथल्या एका चर्चच्या शाळेत रॉबर्ट मायर हे शिक्षक दहा वर्षांच्या मुलाकडून बायबलमधली गोष्ट जर्मनमध्ये वाचून घेत होते, एवढ्यावरून त्यांना २५ डॉलर दंड झाला. याला खुशीने स्वीकारणे म्हणायचे, तर कोठडीतल्या कबुलीजबाबालाही मनोगत म्हणावे लागेल!

जून १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो दंड रद्द केला. सगळ्यांना समजेल अशी एक भाषा असणे हिताचे आहे, हे न्यायालयाने नाकारले नाही, आणि ते नाकारण्याचे कारणही नाही. पण त्यासाठी घटनेला डावलून सक्ती करता येणार नाही, असे त्याने बजावले. अमेरिकेत सुट्टीच्या दिवशी आपल्या मुलांना मराठी शाळेत बाराखडी गिरवायला नेणाऱ्या पालकांनी तरी हा संदेश पुढे पाठवण्याआधी तो निकाल वाचावा.

राहिला ‘मिसळून जायचे ठरवले की झाले’ हा भाग. पंजाबातून गेलेले भगतसिंग थिंड अमेरिकेत शिकले होते आणि महायुद्धात अमेरिकी सैन्यात होते. मायर खटल्याच्या निकालाआधी जेमतेम चार महिने, याच न्यायालयाने त्यांना नागरिकत्व नाकारले, कारण सामान्य माणसाच्या समजुतीप्रमाणे ते ‘गोरे’ नव्हते. इंग्रजी, गणवेश आणि निष्ठा या तिन्ही गोष्टी त्यांच्यापाशी होत्या. तरीही नागरिकत्व कायमचे मिळायला १९३६ साल उजाडावे लागले.