तूप खाऊन ‘पैलवानी जीन’ चालू होत नाही

सांगलीकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. पैलवानाच्या घराण्यात ‘पैलवानी जीन’ असतो, सातव्या महिन्यात बाळाचे स्नायू घडतात आणि तेव्हा आईनं रोज वाटीभर तूप खाल्लं की तो जीन चालू होतो, असं त्यात म्हटलंय. यातलं एकही विधान खरं नाही.

आधी सातवा महिना. गर्भधारणेनंतर साधारण विसाव्या दिवसापासूनच होणाऱ्या कण्याच्या दोन्ही बाजूंना पेशींच्या गाठी जोडीजोडीनं उमटू लागतात. पाठीचे, छातीचे, हातापायांचे स्नायू याच गाठींतून येतात. दंडाच्या पेशी तर तिथून सुटून हाताच्या कोंबापर्यंत सरकत जातात. सातव्या महिन्यात स्नायू वाढत असतात. त्यांची घडण केव्हाच सुरू झालेली असते.

आता तो जीन. १९८७ साली अमेरिकेत डेव्हिस, वाइनट्रॉब आणि लासार यांनी उंदराच्या संयोजी ऊतीतल्या पेशींत ‘मायोडी’ हा एकच जीन चालू केला आणि त्या पेशी स्नायूंच्या वाटेला लागल्या. मायोडीपासून बनणारं प्रथिन डीएनएवर बसून स्नायूंचे इतर जीन चालू करतं. मायोडीच्या जोडीला ‘मायएफ-५’ हा दुसरा जीन असतो. दोघांपैकी एक नसला तरी उंदराचं बऱ्यापैकी निभावतं. दोन्ही नसतील तर हाडांना जोडलेले स्नायू बनतच नाहीत, हे १९९३ साली दिसलं. हे जीन कुंडलच्या मैदानात उतरणाऱ्या पैलवानात आहेत, तसेच बांधावर बसून कुस्ती बघणाऱ्यातही आहेत. अंगकाठीत आनुवंशिकतेचा वाटा असतो, पण तो अनेक जीनांत विखुरलेला असतो.

आणि तूप? मायोडी, मायएफ-५ चालू करण्याचे इशारे गर्भातल्याच शेजारच्या पेशींकडून, होणाऱ्या मज्जारज्जूकडून आणि त्याच्याखालच्या पेशींच्या दांड्याकडून (नोटोकॉर्ड) येतात. आईच्या ताटातून येतो तो वाढीचा माल. तो कमी पडला तर बाळाचं वजन घटतं, म्हणून डाळ, अंडी, दूध, पालेभाजी हवीच. पण वाटीभर तुपानं वजन वाढेल ते आईचं. पोरगं अंगानं बारीक निघालं की ‘तू नीट खाल्लं नाहीस’ हे सुनेनंच ऐकायचं, आणि असल्या मेसेजमुळे त्या बोलण्याला शास्त्राचा आधार असल्यासारखं वाटतं. माझा खरा राग त्यावर आहे.

घरच्यांना काही करायचंच असेल, तर दिवस राहण्याआधीपासून फॉलिक ॲसिडची गोळी सुरू करून द्या. बाळाची मज्जानलिका, म्हणजे जिच्यातून मेंदू आणि मज्जारज्जू बनतात ती नळी, नीट बंद व्हायला ती मदत करते. ही नळी चौथ्या आठवड्यातच बंद होते, तेव्हा बऱ्याचदा दिवस गेल्याचं आईलाही नुकतंच कळलेलं असतं.