पहिली कालवड शेजाऱ्याची

मागच्या आठवड्यात आमच्या फॅमिली ग्रुपवर रवांडाची राजधानी किगालीचा तो व्हिडिओ परत आला. चकाचक रस्ते, हेल्मेट घातलेले मोटरसायकल टॅक्सीवाले, कुठे कागदाचा कपटा नाही. खाली मावसभावाने लिहिलं, तीस वर्षांपूर्वी जिथे प्रेतांचा खच पडला होता तो देश बघा कुठे गेला, आपल्यालाही असाच एक कडक माणूस पाहिजे. त्याच्याखाली कुणीतरी लाडक्या बहिणीचे दीड हजार काढले, फुकट वाटून कधी गरिबी जाते का म्हणून, आणि मग दोन तास तेच चालू. मी २०१७ पासून किगालीत आहे, एका हार्डवेअरच्या होलसेल दुकानाचे हिशेब बघतो. ग्रुपवर गप्प बसलो कारण हे चार ओळीत सांगता येत नाही. पण मला मनापासून वाटतं की दोन्ही बाजू चुकीच्या जागी भांडतायत, आणि रवांडाकडून खरंच काही घ्यायचं असेल तर रस्ते सोडा, इथली गाय बघा.

आधी थोडं मागचं. देश किती मोठा, तर साधारण दोन यवतमाळ जिल्हे मावतील एवढा, आणि माणसं १ कोटी ३० लाखांच्या वर. १९९४ मध्ये एप्रिल ते जुलै, शंभर दिवसांत आठ ते दहा लाख लोक मारले गेले, बहुतेक तुत्सी जमातीचे, आणि मारणारे बाहेरून आलेले नव्हते, त्याच गल्लीतले, त्याच टेकडीवरचे. गुरंसुद्धा कापली. अर्थव्यवस्था एका वर्षात निम्मी झाली. अशा ठिकाणी गरिबी हटवायची म्हणजे नुसता पैसा पोचवायचा नसतो, शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे काही जाईल अशी वाटही परत पाडायची असते.

२००६ मध्ये सरकारने गिरिंका नावाची योजना काढली. या शब्दाचा अर्थ 'तुझ्याकडे गाय असो', हा इथला जुना आशीर्वाद आहे. गरीब घराला एक गाय द्यायची. पण गाय यायच्या आधी त्या घराने गोठा बांधलेला पाहिजे, हत्तीगवत लावलेलं पाहिजे, आणि गाय कुणाला द्यायची ते गावाच्या बैठकीत सगळ्यांसमोर ठरतं. ज्याच्याकडे गवताएवढीही जमीन नाही त्याला शेळी किंवा दुसरं लहान जनावर. आणि मुख्य अट म्हणजे, गायीला पहिली कालवड झाली की ती आपली नाही, शेजारच्या दुसऱ्या गरिबाची. आतापर्यंत चार लाखांच्या वर घरांत अशा गायी गेल्यात.

असं कालवड देणं मी एकदा डोळ्यांनी पाहिलंय, बुगेसेराला. किगालीच्या दक्षिणेला हा भाग, न्यामाटाचं चर्च इथलंच, जिथे आसऱ्याला आलेले हजारो लोक मारले गेले. (२०१८ मध्ये मोदी आले तेव्हा २०० गायी दिल्या, त्या याच जिल्ह्यातल्या रवेरू गावाला, आपल्याकडे तेव्हा त्यावर बरीच चर्चा झाली.) आमच्या दुकानाचा माल उतरवायला गेलो होतो, तर ड्रायव्हर म्हणाला थांबा, बघून जाऊ. एक म्हातारी बाई, इथे मुकेचुरु म्हणतात, आपण आजी म्हणतो तसंच आदराने, तिने कालवडीच्या गळ्यातली दोरी आधी आपल्या मनगटाला गुंडाळली होती. समोर एक पंचविशीतली मुलगी, पाठीला बाळ बांधलेलं. गावातले तीसचाळीस लोक गवतावर बसलेले. आजी बराच वेळ काही बोलली, मग दोरी हळूहळू सोडवून त्या मुलीच्या हातात दिली, दोघींनी एकमेकींच्या दंडाला धरलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. परत निघाल्यावर ड्रायव्हरने सांगितलं की आजीच्या घरातली सगळी माणसं ९४ मध्ये मारली गेली आणि त्या मुलीचा बाप त्याच कत्तलीच्या गुन्ह्यात बारा वर्षं तुरुंगात होता. तो एवढंच बोलला आणि मीही पुढे विचारलं नाही, इथे असं विचारत नाहीत.

त्या रात्री मला झोप लागली नाही कारण मला सारखा मामाचा गोठा दिसत होता. आमचं मूळ यवतमाळचं. २००६ च्या जुलैमध्येच, म्हणजे गिरिंका सुरू झाली त्याच वर्षी, विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांचं ३,७५० कोटींचं पॅकेज आलं होतं, शेतकऱ्यांच्या आत्महत्या थांबवायला, आणि त्यातही दुभत्या गायी होत्या, अर्ध्या अनुदानावर. पुष्कळ लोकांना त्या झेपल्या नाहीत, तेव्हाच्या पेपरांत आलंय सगळं. मामालाही त्या काळात अशाच एका वाटपातली विलायती गाय मिळाली होती. कापूस पिकवणारं कोरडवाहू गाव, हिरवी वैरण नाही, ढेपेचा भाव वाढलेला, ऊन ४५ च्या पुढे, डॉक्टर तालुक्याला. मामी पहाटे उठून पहिलं पाणी गायीला द्यायची आणि मग घरातल्यांना. गायीची कास सुजली, डॉक्टर तिसऱ्या दिवशी आला, दूध आटलं, आणि मामाने ती निम्म्यापेक्षा कमी पैशात विकली. अनुदानाच्या रजिस्टरमध्ये तो अजूनही लाभार्थी असणार. मामाला आळशी म्हणणारे लोक मी पाहिलेत आणि मला त्याचा आजही संताप येतो, कारण मामा आळशी नव्हता, गायीच्या आधी गवत पाहिजे हे वाटणाऱ्यांनी बघितलं नव्हतं.

आता कडक माणसाचं. हो, इथे जिल्ह्यांचे महापौर राष्ट्राध्यक्षांसमोर वर्षाच्या कामाचा करार करतात, इमिहिगो म्हणतात त्याला, आणि त्या धाकाने जनावरांचा डॉक्टर गावात पोचतो, हे मी नाकारत नाही. पण त्याची किंमतही सांगा ना व्हिडिओत. २०२४ च्या निवडणुकीत राष्ट्राध्यक्ष कागामेंना ९९ टक्के मतं पडली, विरोधातल्या ज्या दोन बायांची नावं इथे सगळ्यांना माहीत आहेत त्यांना उभंच राहू दिलं नाही. राजकारण निघालं की माणसं आवाज खाली घेतात. शेजारच्या काँगोत एम२३ नावाच्या बंडखोरांना रवांडाचं सैन्य मदत करतं असं संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी लिहिलंय, सरकार नाही म्हणतं. आणि या दबक्या आवाजाचा गरिबीशी सरळ संबंध आहे. सरकारी सर्व्हे म्हणतो २०१७ ला ३९.८ टक्के गरीब होते, २०२४ ला २७.४. खेड्यांत फिरताना फरक मलाही दिसतो, पण २०१४ च्या आकड्यांवर बाहेरच्या अभ्यासकांनी मोजण्याच्या पद्धतीवरून शंका घेतल्या होत्या, तसं देशात राहून मोकळेपणी कोण विचारणार? आपल्याकडे निदान पेपरात येतं की गाय विकली गेली. मामाची चूक नव्हती हे म्हणायला आपण कुणाला घाबरत नाही, ते मला कुठल्याही चकाचक रस्त्याच्या बदल्यात द्यायचं नाहीये.

आणि लाडकी बहीण. पैसे देऊ नका असं मी कधीच म्हणणार नाही, इथेही ज्यांना काम होत नाही त्या म्हाताऱ्या-आजारी लोकांना थेट पैसे मिळतात, आणि ज्यांना होतं त्यांना मजुरीचं काम, टेकड्यांवर पायऱ्या पाडायचं, रस्त्याचं. ते बघताना मला आपली रोजगार हमीच आठवते, ती तर आपण १९७७ मध्ये कायदा करून बसवली होती. भांडायचं असेल तर यादीवर भांडा. लाडक्या बहिणीच्या पडताळणीत पुरुष निघाले, ते नाव गावात मोठ्याने वाचलं असतं तर पहिल्याच दिवशी कुणीतरी उठून बोललं असतं. गिरिंकातही घोटाळे झालेत, नको त्याला गायी गेल्या, अधिकारी पकडले गेले, पण गाय कुणाच्या दारात आहे हे अख्ख्या टेकडीला दिसतं आणि तिच्या पहिल्या कालवडीची वाट बघणारा एक माणूस शेजारीच बसलेला असतो. तो माणूस आपल्या कुठल्याच योजनेत मला दिसत नाही.

परवा मामीशी फोनवर बोलताना हे सगळं सांगितलं. आजी, दोरी, ती मुलगी. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि मग विचारलं, ते हत्तीगवत पाण्याशिवाय किती दिवस धरतं रे? मी म्हटलं विचारून सांगतो. पुढच्या महिन्यात बुगेसेराला माल जातोय, तेव्हा विचारेन.