मीटर लावल्यानं ॲव्हरेज वाढत नाही

संभाजीनगर-जालन्याकडच्या जुन्या ॲम्बेसेडर आणि फियाटवाल्यांमध्ये एक मेसेज फिरतोय: सायलेन्सरच्या पाइपात कोणताही जुना ऑक्सिजन सेन्सर बसवा, डॅशबोर्डवर मीटर लावा, कार्बोरेटर आपोआप ट्यून होईल आणि ॲव्हरेज वाढेल.

असं काही होत नाही. या गाड्यांना ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) नाहीच, सेन्सरचं ऐकणार कोण? मीटर फक्त हवा-पेट्रोलचं मिश्रण दाखवतं; कार्बोरेटरमधले जेट (पेट्रोल सोडणारी बारीक तोंडं) बदलायचे, स्क्रू फिरवायचा, ते काम मिस्त्रीचंच. थर्मामीटर लावून ताप उतरतो का?

‘कोणताही सेन्सर’ हेही चूक. साधा नॅरोबँड सेन्सर योग्य प्रमाणाच्या, म्हणजे शुद्ध पेट्रोलला १४.७:१ (वजनानं १४.७ भाग हवा, १ भाग पेट्रोल), आसपासच खात्रीनं सांगतो. त्यापलीकडे मिश्रण नेमकं किती रिच (पेट्रोल जास्त), किती लीन (हवा जास्त), हे त्याला कळत नाही. ट्यूनिंगला हे मोजणारा वाइडबँड सेन्सरच लागतो. त्यात ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलचं योग्य प्रमाण १३.५ च्या आसपास येतं, म्हणून आकडा लॅम्डामध्ये, म्हणजे योग्य प्रमाणाच्या किती पट हवा आहे यात, वाचलेला बरा. तिथं १ म्हणजे बरोबर.

मेसेजमधल्या फोटोत सेन्सर पाइपाच्या खालून बसवलाय. तिथं पाणी साचतं आणि सेन्सर जातो. तो वरच्या बाजूनं, आडव्या रेषेपासून किमान १० अंश वर हवा. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या पाइपांचा) जॉइंट गळका असेल तर बाहेरची हवा ओढून मीटर खोटंच लीन दाखवतं, आणि धडधाकट कार्बोरेटर उगाच खोलला जातो.

आणि फुल थ्रॉटलला लॅम्डा १ चा हट्ट धरू नका. लोडवर ०.८५ ते ०.९ (थोडं रिच) ठेवा, नाहीतर मे महिन्यात घाट चढताना इंजिन नॉक करेल (आतून ठोके देईल).