कड तरी वाचा

परवा गुजरीत एका माणसानं रुमालातून रुप्याचं पदक काढून सराफापुढं ठेवलं. "आटवून किती होतील?" एका बाजूला पंचम जॉर्ज, दुसऱ्या बाजूला घोडेस्वार, शेजारी १९१४ आणि १९१८, म्हणजे पहिल्या महायुद्धाची सालं. काटा तीन तोळ्यांच्या आसपास थांबला. मला राहवलं नाही. म्हटलं, "दादा, आधी कड तरी वाचा."

कड कोण बघतंय! पण नंबर, हुद्दा, नाव, पलटण सगळं तिथंच ठोकलेलं असतंय.

माझ्या पणजोबांचे थोरले भाऊ ११७ मराठा पलटणीत शिपाई होते. पगार महिना ११ रुपये. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडं टेसिफॉनच्या लढाईत पडले. देशासाठी गेले असं मी म्हणणार नाही. पगारासाठी गेले. राज्य दुसऱ्याचं, वाळवंट तिसऱ्याचं. शौर्यपदक वगैरे काही नाही, लढाईवर गेलेल्या सगळ्यांना मिळाली तीच पदकं. शिवाय मेलेल्याच्या घरी यायची ती ब्राँझची चकती, तळहाताहून मोठी, सिंहाची. तिच्यावर नाव असतं, हुद्दा नसतो, कारण म्हणे मेल्यावर साहेब आणि शिपाई एकच. आमची आज्जी ती लोणच्याच्या बरणीवर झाकण म्हणून ठेवायची. मिठानं चकती हिरवी पडलीय, आडनावातली दोन अक्षरं खाल्लीत.

आणि इराकमधल्या बसऱ्याच्या युद्धस्मारकावर? गोऱ्या शिपायांची नावं कोरली, आमच्या शिपायांचा पलटणवार नुसता आकडा. असल्या भेदभावाबद्दल, युद्धात पडलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या वॉर ग्रेव्हज कमिशननं माफी मागितली ती २०२१ मध्ये. म्हणजे त्या थोरल्या पणजोबांचं नाव धातूवर उरलं ते त्या झाकणावर. रुप्याचं पदक घरच्यांनी १९७२ च्या दुष्काळात मोडलं, याच गुजरीत. त्याचा मला राग नाही, पोटाला लागतंच. पण मोडण्याआधी कुणी कड उतरवून घेतली नाही, याचा आहे. नंबर हाताशी असला की कमिशनच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतं. कित्येक नोंदींत बापाचं नाव आणि गावसुद्धा सापडतं.

सराफानं भिंग दिलं. त्या माणसानं मोबाईलचा उजेड पाडून एकेक अक्षर लावलं. स्पेलिंगची पार वाट लागलेली, तरी तिसऱ्या खेपेला तो थबकला. "हे आमचंच आडनाव हाय की."

सराफाच्या पावतीमागं सगळं लिहून घेतलं. पदक परत रुमालात बांधलं.

"विकायचं तर हायच," तो म्हणाला. "पण आधी आईला विचारतो, ह्यो कोण म्हणून."