पेशंटचे वजन ३६५

आमच्या गोव्यातल्या डिचोली तालुक्यात शिगम्याला, म्हणजे होळीच्या सणात, घोडेमोडणी नावाची नाचाची मिरवणूक होते. तिच्यातले घोडे लाकडी मुखाचे आणि माणसाच्या कमरेला बांधलेले असतात. त्यांना दाणा लागत नाही, खरारा लागत नाही, आणि नाचून झाल्यावर जे काही दुखते ते नाचणाऱ्याचेच दुखत असल्यामुळे चोळायला घरचे खोबरेल पुरते. माझा तुफान मात्र दुर्दैवाने हाडामांसाचा आहे. जन्मभर नवरदेव वाहून निवृत्त झालेला हा घोडा मामांनी ‘दोन महिने सांभाळ’ म्हणून आमच्या माडाखाली आणून बांधला, त्याला आता सहा वर्षे झाली. यंदाच्या पावसात तो पुढच्या डाव्या पायाने लंगडू लागला. वय २२, आजार संधिवाताचा, औषध अधूनमधून परंतु कायमचे, असा निकाल डॉक्टरबाईंनी दिला, तेव्हा मी विचारलेला पहिला प्रश्न तुफानविषयी नसून खर्चाविषयी होता, हे कबूल केलेले बरे.

काटकसरीचा पहिला विचार घरातल्या औषधांच्या डब्यापर्यंतच गेला. त्यात सौभाग्यवतींच्या कंबरदुखीच्या डायक्लोफिनॅकच्या गोळ्या होत्या. मी नाव काढताच डॉक्टरबाई म्हणाल्या, “भाई, जनावराच्या बाबतीत हे नाव पुन्हा काढू नका.” जनावरांना डायक्लोफिनॅक देण्यावर आपल्या देशात २००६ साली बंदी आली, कारण ते दिलेले ढोर मेले आणि गिधाडांनी खाल्ले की गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होतात, देशातली गिधाडे नाहीशी होत गेली त्याचे हे मोठे कारण. मी स्वतः कित्येक वर्षांत गिधाड पाहिलेले नाही. तरीही न दिसणाऱ्या पक्ष्याच्या मूत्रपिंडासाठी माझ्या खिशाला चाट बसावी, याचे मला त्या क्षणी वाईट वाटले.

मग स्वस्तात स्वस्त म्हणून मी फिनाइलब्युटाझोन हे घोड्यांचे वेदनाशामक सुचवले. घोडेवाले ज्याला ‘ब्यूट’ म्हणतात ते हेच. १९६८ साली अमेरिकेतल्या केंटकी डर्बी या शर्यतीत पहिल्या आलेल्या डान्सर्स इमेज या घोड्याच्या अंगात ते सापडले आणि त्याचा पहिला क्रमांक गेला. तुफानला कुठलाही क्रमांक गमावण्याची भीती नव्हती. परंतु हे औषध दीर्घकाळ दिल्यास पोटात व्रण होतात, असे सांगून डॉक्टरबाईंनी तोही मार्ग बंद केला.

अमेरिकेतल्या भाच्याने मात्र माझी आशा पल्लवित केली. तिकडे फिरोकॉक्सिब नावाचे औषध कुत्र्यांना दर किलोमागे ५ मिलिग्रॅम देतात आणि घोड्यांना दर किलोमागे फक्त ०.१ मिलिग्रॅम. म्हणजे ५७ मिलिग्रॅमची गोळी साधारण ११ किलोच्या कुत्र्याला जेमतेम पुरते आणि तीच ५७० किलोच्या घोड्यालाही पुरते! कुत्र्याच्या अंगातून ते काही तासांत उतरते, घोड्याच्या अंगात दिवसभराहून अधिक रेंगाळते, असे त्यामागचे शास्त्र आहे. घोड्यांची म्हणून वेगळी गोळी तिथे २०१६ साली मंजूर झाली, तरी काही मालक कुत्र्यांची २२७ मिलिग्रॅमची गोळी आणून तिचे चार तुकडे करतात, असे भाच्याने लिहिले होते. घोड्यांचे मंजूर औषध असताना केवळ स्वस्त पडते म्हणून कुत्र्याचे वापरणे तिथल्या कायद्याला मान्य नाही, हे त्याने पत्राच्या शेवटी लिहिले. कायदा करणाऱ्यांनी कधी घोडा पाळला नसावा, असे मी मनात म्हटले. शिवाय चतकोर गोळीसाठी सातासमुद्रापलीकडून येणाऱ्याची वाट पाहायची तर तोवर तुफान तीन पायांवर उभा राहायचा.

अखेर डॉक्टरबाई मेलॉक्सिकॅम या वेदनाशामकावर आल्या. ते गिधाडांना बाधत नाही आणि माणसांच्या गोळ्या स्वस्त मिळतात. फक्त प्रमाण किलोवर ठरायचे, आणि घोड्याला ओकता येत नसल्यामुळे जास्त गेलेले परत यायची सोय नाही, म्हणून वजन नेमके हवे. घोड्याचा काटा कुणाकडे असतो? छातीच्या घेराचा वर्ग करून त्याला अंगाच्या लांबीने गुणायचे आणि ११,८८० ने भागायचे, असा हिशेब बाईंनी कागदावर लिहून दिला. शिंप्याची टेप घेऊन मी तुफानच्या पोटाखालून वाकलो. टेप १५० सेंटिमीटरला संपली आणि घोडा संपेना. पुढे सुतळी जोडली, ती त्याने खाल्ली. दुसरी सुतळी, तिसरा प्रयत्न आणि माझ्या उजव्या गुडघ्यातून आलेला एक ‘कट्’ असा आवाज, एवढ्या भांडवलावर घेर १७० आणि लांबी १५० निघाली. वजन ३६५ किलो. दर किलोमागे ०.६ मिलिग्रॅम या हिशेबाने १५ मिलिग्रॅमच्या रोज साडेचौदा गोळ्या, १४ दिवसांसाठी.

फार्मसीतल्या तरुणाने चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली.

“काका, हे २०३ गोळ्या असं वाचायचं ना? पेशंटचं वय किती?”

“बावीस.”

“वजन?”

“तीनशे पासष्ट.”

तो थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिला आणि मग आवाज खाली आणून, अत्यंत सहानुभूतीने म्हणाला, “काका, डाएटचं काही बघितलंत का?”

“गवतच खातो बिचारा,” मी म्हणालो. पुढचा सगळा खुलासा होईपर्यंत माझ्यामागे सात माणसांची रांग लागली होती, आणि त्यातल्या एकानेही दुसऱ्या दुकानात जाण्याची घाई केली नाही.

गोळ्या स्वस्त पडल्या, त्या पोटात घालणे महाग पडले. पोदेराकडची, म्हणजे पाववाल्याकडची, पोय हा पाव आतून पोकळ असतो, त्याच्यावर कोंडा असतो, म्हणजे तो घोड्यासाठीच भाजलेला आहे असे समजून मी साडेचौदा गोळ्या एका पोयीत भरल्या. तुफानने पोय खाल्ली. नंतर ओठ पुढे काढून त्याने गोळ्या एकेक करून जांभ्याच्या पायरीवर ठेवल्या. मी मोजल्या, अर्धीसुद्धा चुकली नव्हती. दुसऱ्या दिवसापासून गोळ्या खलबत्त्यात कुटून माडाच्या गुळात कालवाव्या लागल्या. गूळ कोरडा दिलेला चालत नाही, तो पोयीला लावून लागतो, आणि एका पोयीने त्याचे समाधान होत नाही. चौदाव्या दिवशी सौभाग्यवतींनी हिशेब मांडला आणि म्हणाल्या, “अहो, औषधापेक्षा पोदेराचं बिल मोठं आलंय.”

तुफान मात्र आता चारही पायांवर चालतो. माझा उजवा गुडघा त्या मोजणीपासून सुजला होता, तो अखेर माणसांच्या डॉक्टरांना दाखवला, तर त्यांनीही मेलॉक्सिकॅमच लिहून दिले: साडेसात मिलिग्रॅमची, रोज एक, दहा दिवस. चिठ्ठी घेऊन त्याच फार्मसीत गेलो. तरुणाने ती वाचली आणि त्याचा चेहरा उजळला.

“वा काका,” तो म्हणाला, “पेशंट बराच उतरला की!”