ट्रॅक मोडताना निदान माप तरी घ्यायचं

भावांनो, आज डोकं फिरलंय. पोस्ट मोठी होणार आहे, आधीच सांगतो. ज्यांना वेळ नाही त्यांनी पुढं सरकावं.

कोल्हापुरात मंगळवार पेठेतला आमच्या दोस्ताचा जुना वाडा बिल्डरकडं गेला. जाऊ दे, सगळ्यांचेच चाललेत. पण माळा रिकामा करताना तिथं आमचा स्लॉट कारचा, म्हणजे खाचेतून पळणाऱ्या विजेच्या छोट्या गाड्यांचा, ट्रॅक निघाला. आठ बाय चारच्या दोन शीट, एकोणीस एमएम प्लाय, दोन लेन, प्रत्येक लेनमध्ये तीन एमएमची खाच आणि खाचेच्या दोन्ही अंगाला तांब्याची पट्टी. सकाळी ग्रुपवर फोटो पडला, खाली ओळ, "कुणाला पाहिजे असलं तर न्या." मी दुपारी पोचलो. तोवर पट्टी सोलून भंगारवाल्याच्या काट्यावर गेली होती आणि मंडळाच्या पोरांनी प्लाय करवतीनं कापून स्टेजला ठोकलं होतं. आता गणपतीच्या डेकोरेशनला गेलं म्हटल्यावर बोलायचं तरी काय? तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

ग्रुपवर जरा चिडून लिहिलं, तर एका शहाण्याचं उत्तर आलं, "पोरांचं खेळणं होतं रे ते. एवढं काय त्यात."

खेळणं. बरं.

ज्यांनी कधी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. गाडी वीतभरसुद्धा नाही, खऱ्या गाडीच्या बत्तिसाव्या हिश्शाची. पोटात मोटार, पुढं खाली एक जीभ. ती जीभ खाचेत बसते, तिच्या दोन्ही बाजूच्या तारेच्या वेण्या तांब्यावर घासत जातात आणि करंट घेतात. हातात घोडा असलेला कंट्रोलर. घोडा दाबला की वेग, सोडला की ब्रेक. स्टेअरिंग नाही. "मग त्यात कसब ते काय?" असं विचारणारा एकदा वळणावर पूर्ण घोडा दाबून बघतो, गाडी उडून भिंतीवर जाते, मग गप बसतो. वळणाच्या किती आधी सोडायचं आणि किती आधी परत दाबायचं, सगळा खेळ एवढाच. आणि एवढाच खेळ जन्मभर पुरतो.

आमच्या ट्रॅकचा विक्रम दहा फेऱ्या पस्तीस सेकंद. आणि तो कुणी केला? आमच्यातल्या कुणीच नाही. उद्यमनगरातल्या मोटार वाइंडिंगच्या, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार भरायच्या, दुकानातल्या हेल्पर पोरानं. तिकडं मी येतोच.

आधी जरा बाहेरचं. फ्रेड फ्रान्सिस नावाचा इंग्लंडचा माणूस. चावीच्या गाड्या करायचा, स्केलेक्स म्हणून. त्यात त्यानं विजेची मोटार घातली आणि १९५७ ला हॅरोगेटच्या खेळण्यांच्या प्रदर्शनात स्केलेक्स्ट्रिक मांडली. तिथून सुरू झालं. साठच्या दशकात अमेरिकेत तर या खेळाचं वेड लागलं होतं. गावोगाव हॉल, आठ-आठ लेनचे लाकडी ट्रॅक, तासाच्या भाड्यानं पोरं गाड्या पळवायची. पोरं कुठली, बापयेसुद्धा. अमेरिकन मॉडेल रेसवेज नावाची कंपनी ठरलेल्या आराखड्याचे ट्रॅक बनवून विकायची, त्यातला 'किंग' म्हणजे बादशहाच. एक फेरी १५५ फूट, चढा बँक म्हणजे एका अंगानं उचललेलं वळण, आठ लेन. ते दशक संपेतो लाट ओसरली, हॉल बंद पडले, ढिगानं ट्रॅक मोडले. मोडले, पण आराखडा राहिला. त्याच मापाचा किंग पुन्हा पुन्हा बांधला गेला. आजही भारीतल्या भारी गाड्या त्यावर दीड सेकंदाच्या आत फेरी मारतात. १५५ फूट म्हणजे सत्तेचाळीस मीटर. भागून बघा, ताशी ११० किलोमीटरच्या वर जातं. आणि हा स्केलचा वेग नाही हं, खरा वेग!

स्केलच्या वेगाचं एक गंमतीदार प्रकरण आहे, जाता जाता सांगतो. गाडी बत्तिसाव्या हिश्शाची, म्हणून वेगाला बत्तीसनं गुणायचं. आमची बाहेरची लेन चौतीस फूट, फेरी साडेतीन सेकंद, म्हणजे ताशी दहा-अकरा किलोमीटर. रंकाळ्यावर सकाळी पळणारा माणूस त्याच्या पुढं जाईल. पण बत्तीसनं गुणलं की ३४०! आम्ही शाळेत ३४० च सांगायचो. तुम्ही काय केलं असतं?

तर मुद्दा मापाचा. विक्रम गाडीचा नसतो, चालवणाऱ्याचा तर निम्माच. विक्रम असतो त्या ट्रॅकवरचा. ट्रॅक गेला आणि मापही गेलं, तर पस्तीस सेकंद या आकड्याला काडीचा अर्थ राहत नाही. उद्या मी म्हणेन पस्तीस, कुणी म्हणेल तीस, खरं काय ते कुणी ठरवायचं? किंगवर एखाद्यानं फेरी मारली की दुसऱ्या गावचा माणूस तेवढाच ट्रॅक बांधून ती मोडायला बसू शकतो. आमच्या पोराचा विक्रम मोडायला आता कुणाला जागाच नाही. न मोडता मेला विक्रम. याच्यापेक्षा वाईट काय असतं, सांगा.

हां, मान्य, आमचा टाइम हातानं घेतलेला. शाळेच्या पीटीच्या सरांकडून मागून आणलेलं स्टॉपवॉच. एका फेरीत पाव सेकंद इकडंतिकडं होणारच. म्हणून तर दहा फेऱ्या एकत्र मोजायचो. तेवढी अक्कल होती आम्हाला.

आता तो प्रसंग. साल ८७ की ८८. दोस्ताच्या कुवेतच्या काकांनी दोन गाड्या आणि दोन कंट्रोलर आणले होते, ट्रॅक आम्ही सुताराकडून करून घेतलेला. सुरुवातीला अडाप्टरवर चालवायचो. संध्याकाळी सात वाजले, घराघरांत दिवे-टीव्ही लागले की व्होल्टेज बसायचं आणि गाड्या पेंगायच्या. रात्री दहानंतर त्याच गाड्या वळणावर उडायच्या. मग एकाच्या वडिलांच्या गॅरेजमधून ट्रकची बॅटरी आणली आणि ते दुखणं गेलं. तिकडं परदेशात मोठ्या शर्यतींनाही बॅटऱ्या लावायचे हे मला फार नंतर कळलं. आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, गॅरेज होतं म्हणून सुचलं.

पुढं मोटार जळाली. नवी कुठून आणणार? आर्मेचर, म्हणजे मोटारीतला तार गुंडाळलेला फिरता भाग, काढून उद्यमनगरात नेलं. तिथले काका शेतकऱ्यांच्या पाच-पाच एचपीच्या मोटारी भरणारे. बोराएवढं ते आर्मेचर तळहातावर घेऊन हसले. म्हणाले, "ठेव, पोरगं बघंल." पोरगं म्हणजे त्यांचा हेल्पर, आमच्याच वयाचा, शाळा सोडलेला. त्यानं जुनी तार उलगडून वेढे मोजले, मुद्दाम जरा जाड गेजची तार घेतली आणि वेढे कमी भरले. वेढे कमी, तार जाड, करंट जास्त, मोटार तापणार पण पळणार. त्याला हे कुणी शिकवलं नव्हतं. साठच्या दशकात अमेरिकेतली पोरं माबुची या जपानी कंपनीच्या मोटारी सोडवून हेच करत होती, पण आपल्या उद्यमनगराला त्याचा पत्ता असायचं कारण नव्हतं. हातालाच कळत होतं.

आर्मेचर पेपरात गुंडाळून तो स्वतः वाड्यावर द्यायला आला. त्या दिवशी राजारामपुरीची दोन पोरं आलेली, कोरी गाडी घेऊन. शर्यत लागलेली, ईर्षा टिपेला. मोटार बसवली. पोरगं कोपऱ्यात उभं, हाताला वॉर्निशचा वास. म्हणालं, "बघू का चालवून?" राजारामपुरीवाले हसले. कशाला लपवू, आमच्यातलेही हसले.

त्यानं पहिल्या दोन फेऱ्या गाडीकडं बघितलंसुद्धा नाही. मान खाली, डोळे अर्धे मिटलेले. ऐकत होतं. मोटारीचा आवाज चढतो कुठं, वळणात बसतो कुठं, तेवढंच. मग म्हणालं, "लाव घड्याळ."

दहा फेऱ्या, एकदाही उडाली नाही. पस्तीस सेकंद. वहीत लिहिलं. राजारामपुरीवाले परत हसले नाहीत.

आता हे वाचून तुमच्यातला कोण म्हणेल "पोरांचं खेळणं", त्यानं मला अनफ्रेंड करावं, खरंच.

कोल्हापूरला आठवणींचं वावडं आहे अशातला भाग नाही. खासबागचं मैदान शाहू महाराजांनी १९१२ साली बांधलं, आजही उभं आहे, कोणत्या पैलवानानं कुणाला कोणत्या डावावर चीत केलं हे तिथं न गेलेली माणसंसुद्धा सांगतात. २०२४ च्या ऑगस्टमध्ये शेजारचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं तेव्हा अख्खं गाव हळहळलं. बरोबरच होतं. आमच्या दोन प्लायची त्याच्याशी तुलना मी करत नाही, तेवढा वेडा नाही मी. पण माळ्यावरून खाली काढताना एक टेप लावून माप घ्यायला किती वेळ लागतो? प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. जेवणाच्या ताटाचे फोटो काढता!

ब्रुकलँड्सचं उदाहरण देतो. इंग्लंडमधला जुना ट्रॅक, मोटारींच्या शर्यतींसाठी खास बांधलेला, १९०७ चा. १९३९ मध्ये शर्यती बंद पडल्या, पुढं त्या जागेवर रस्ते झाले, ऑफिसं झाली, घरं झाली. २००९ साली टीव्हीवाला जेम्स मे आणि त्याच्याबरोबर शेकडो हौशी माणसं, यांनी त्याच जुन्या मार्गावरून स्केलेक्स्ट्रिकचा ट्रॅक अंथरला. जवळजवळ तीन मैल! सगळ्यात लांब स्लॉट कार ट्रॅक म्हणून गिनेसमध्ये गेला. वाटेत आलं ते पार करत, इमारती आल्या तर त्यांच्यातून. कसं जमलं? मूळ ट्रॅक कुठून कुठं जात होता हे कुणीतरी जपून ठेवलं होतं म्हणून. खऱ्या ट्रॅकचा नकाशा राहिला, म्हणून सत्तर वर्षांनी त्यावरून खेळण्यातली गाडी पळाली.

आणि आमचा खेळण्यातला ट्रॅक? स्टेजच्या खाली. आज रात्री त्यावर कोणीतरी नाचणार.

काहीजण म्हणतील, आता कुणाला हवंय हे? मोबाईलवर सगळे ट्रॅक आहेत, आणि खरा वेग पाहिजे तर आपल्याकडं मोहितेंचा कार्टिंग ट्रॅक आहे, राष्ट्रीय पातळीच्या शर्यती झाल्यात तिथं. आहे की! अभिमान आहे. पण तिथं गाडी पळवायला पोराच्या बापाचा खिसा लागतो. आमच्या ट्रॅकवर वाइंडिंगच्या दुकानातला हेल्पर राजारामपुरीच्या शेजारी उभा राहिला आणि जिंकून गेला. आणि स्लॉट कारच्या जागतिक अजिंक्यपदाच्या शर्यतीतही अशीच सोय असते. बाहेरची लेन लांब, आतली लांबीला कमी पण वळणाला अवघड, म्हणून प्रत्येकाला आळीपाळीनं सगळ्या लेनवरून चालवायचं आणि शेवटी सगळ्या फेऱ्यांची बेरीज. मला अमकी लेन मिळाली म्हणून हरलो, असं म्हणायची सोयच नाही. हे मला फार आवडतं. आपल्याकडच्या किती गोष्टींत अशी सोय आहे, सांगा बघू? असो, तिकडं गेलो तर पोस्ट भलतीकडं जाईल.

लिहितालिहिता राग जरा उतरला, कारण मध्येच उठून त्यालाच फोन लावला. त्यालाच म्हणजे त्या हेल्परला. आता त्याचं स्वतःचं वाइंडिंगचं दुकान आहे, हाताखाली चार माणसं. म्हटलं, आपला ट्रॅक मोडला रे. मला वाटलं हळहळेल. पठ्ठ्या काय म्हणाला असेल?

"तांबं किती निघालं?"

मी गार. परत तोच म्हणाला, "पट्टीचं काय निघणार म्हणा, पाव किलो? आणि मालक, तो प्लाय चांगला होता. मंडळाच्या स्टेजला टिकेल." हसत होता. मला एवढं लागलं होतं आणि ज्याचा विक्रम तो हसतोय. नंतर जरा थांबून म्हणाला, "त्या मागच्या वळणावर जोड वर आलेला होता, आठवतंय? गाडी तिथं टक् करायची. त्या आवाजावर मी घोडा सोडायचो."

मला आठवत नव्हतं. माझ्या डोक्यात ट्रॅक सपाट आहे. मग आम्ही अर्धा तास फोनवर वळणं मोजत बसलो. गिऱ्हाईक आलं म्हणून त्यानं दोनदा होल्डवर ठेवलं. लांब सरळ रस्ता खिडकीच्या बाजूला होता यावर एकमत झालं. आतल्या वळणाची त्रिज्या एक फूट की सव्वा, यावर झालं नाही. विक्रम कुठल्या लेनवर झाला यावर तर भांडणच झालं. तो म्हणतो आतली, मी म्हणतो बाहेरची. आतली असेल तर लांबी कमी, म्हणजे माझं ते ३४० खोटं पडतं, म्हणून मी सोडेना. तोही सोडेना.

तर कामाचं बोलतो. निळ्या पुठ्ठ्याची दोनशे पानी वही होती, पाठीमागं गाड्यांची चित्रं काढलेली, टाइम लिहिताना लेनही लिहायचो. वाडा सोडताना ती कुणीतरी नेली आहे, भंगारात गेलेली नाही, दोस्ताच्या आईला नक्की आठवतंय. ज्याच्याकडं असेल त्यानं मेसेज करत बसू नये, सरळ फोन करावा. ट्रॅकचा जुना फोटो असेल तर तोही, मागचा जोड दिसणारा असेल तर उत्तमच. पोरगं, म्हणजे आता मालकच तो, म्हणालाय की माप मिळालं तर सुताराचे पैसे तो देणार. बॅटरी माझ्याकडं लागली.