उशीचा दिवस आणि नारळी पौर्णिमा

जुलै संपत आला की तोक्योतल्या निशी-कासाईत, आमच्या घराजवळच्या सुपरमार्केटात, दारातच उनागीचे डबे रचलेले असतात. उनागी म्हणजे गोड्या पाण्यातला ईल, वामेसारखा लांबुडका. ऐन उकाड्यातल्या 'दोयो नो उशी नो ही' या दिवशी तो खायचाच, अशी इथली रीत. ही 'उशी' म्हणजे बैल; जुन्या पंचांगातला हा 'बैलाचा दिवस'. एदो काळातल्या (17वं ते 19वं शतक) हिरागा गेन्नाई या विद्वानाने एका दुकानाचा धंदा चालावा म्हणून ती पाडली, असं सांगतात.

चव अप्रतिम, यात वादच नाही. तोक्योकडे मासा पाठीतून चिरून, वाफवून मग कोळशावर भाजतात. ओसाकाकडे पोटातून चिरतात आणि थेट भाजतात. वर सान्शोची पूड. सान्शो तिरफळाच्याच कुळातला, म्हणून पहिल्याच घासाला मला मालवणचं घर आठवलं.

तिकडे घरच्या ग्रुपवर दरवर्षीचा वाद पेटलेला असतो. पावसाळ्यातली मासेमारीबंदी 31 जुलैला उठते. ती नारळी पौर्णिमेपर्यंत न्यावी, असं रापणकार, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणारे पारंपरिक मच्छीमार, म्हणतात. मोठ्या बोटवाल्यांना बंदीचे आताचे 61 दिवसच जड जातात. काका मला लिहितात, "तुझ्या जपानात बघ, कशी शिस्त आसा!"

काका, शिस्त आहे, पण ईल वाचलेला नाही. इथला बहुतेक उनागी तळ्यात वाढतो, तरी त्याची पिल्लं रानटीच. मारियाना बेटांच्या पश्चिमेला खोल समुद्रात जन्मून ती प्रवाहाबरोबर येतात आणि हिवाळ्यात नदीच्या मुखाशी काचेसारखी पारदर्शक असतानाच पकडली जातात. अंड्यापासून पुन्हा अंड्यापर्यंतचं चक्र शास्त्रज्ञांनी 2010 साली बंदिस्त टाक्यांत पूर्ण केलं, पण तशी पिल्लं फार महाग पडतात. 2013 साली जपानच्याच पर्यावरण मंत्रालयाने हा मासा धोक्यात असल्याचं जाहीर केलं. पुढच्या वर्षी चीन, कोरिया आणि तैवानबरोबर तळ्यांत सोडायच्या पिल्लांवर मर्यादा ठरली; ती इतकी सैल, की पिल्लं कमी येतात त्या वर्षी तिथवर कुणी पोचतही नाही. डब्यांची रास मात्र तशीच.

नियम कागदावर आहे, पण पंचांग खायला सांगतं, तिथे नियम हरतो. आमच्याकडे पंचांगच थांबायला सांगतं: समुद्राला नारळ दिल्याशिवाय होडी लोटायची नाही. एवढी जुनी सोबत कायद्याला मिळत असताना ती दोन-चार आठवड्यांसाठी का सोडायची? मी रापणकारांच्या बाजूने आहे, आणि काकांना तसं लिहिलंही.

यंदाही उनागीचा डबा घेतला नाही. इवाशी, म्हणजे इथली तारली, आणली आणि तिरफळाऐवजी सान्शो घालून तिखलं केलं.